आई बदलली तरी पिल्लू तसंच राहिलं: ऑटिझम, लहानपणीचं वातावरण आणि उंदरांवरचे प्रयोग

२००७ साली अमेरिकेत, उंदरांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या जॅकलिन क्रॉली यांच्या लॅबमध्ये एक प्रयोग झाला आणि मला मनापासून वाटतं की तो आपल्याकडे घराघरात माहीत असायला हवा. ऑटिझमवरच्या संशोधनात वापरतात अशी बीटीबीआर नावाची उंदरांची एक जात आहे. हे उंदीर पहिल्यापासूनच एकटे एकटे राहतात, दुसरा उंदीर समोर असला तरी त्याच्याकडे जायची त्यांना फारशी ओढ नसते, आणि स्वतःचं अंग चाटत, तोंड पुसत बसले की बसलेच, थांबत नाहीत. आता प्रश्न असा की हे त्यांच्या जीन्समध्येच आहे का वाढवणाऱ्या आईच्या वागण्यातून येतं? म्हणून नुकती जन्मलेली पिल्लं उचलून दुसऱ्या जातीच्या, चांगल्या मिळून-मिसळून राहणाऱ्या आईकडे दिली. तिने त्यांना स्वतःच्या पिल्लांसारखं वाढवलं, पिल्लं मोठी झाली, टेस्ट केली, तर आपली जशीच्या तशी. आई बदलून त्यांचं एकटं राहणं काही बदललं नाही.

त्याच लॅबने २०११ मध्ये वेगळी गोष्ट करून पाहिली. दूध सुटल्यावर या पिल्लांना त्यांच्याच जातीच्या पिल्लांसोबत न ठेवता त्या मिळून-मिसळून राहणाऱ्या जातीच्या पिल्लांसोबत एकाच पिंजऱ्यात वाढवलं. यावेळी फरक पडला, ते दुसऱ्या उंदराकडे जायला लागले, त्याच्याजवळ वेळ काढायला लागले. अंग चाटत बसायची सवय मात्र होती तशीच राहिली, तिच्यावर सोबतीचा काही परिणाम झाला नाही.

म्हणजे लहानपणीचं वातावरण फरक पाडतं, पण सगळ्याच गोष्टीत नाही, कुठल्याही वयात सारखा नाही, आणि वातावरण म्हणजे फक्त आई तर अजिबात नाही. मला हेच सांगायचंय, पण नुसतं सांगून कोणी ऐकत नाही म्हणून जरा खोलात जाऊन लिहिते.

मी नाशकात झूलॉजी शिकवते आणि माझ्या बहिणीचा मुलगा ऑटिस्टिक आहे, त्यामुळे ओळखीतले पालक बऱ्याचदा माझ्याकडे येऊन विचारतात. इंदिरानगरच्या एक बाई आल्या होत्या, सातपूरला कंपनीत नोकरी करतात, मुलगा तीन वर्षांचा, नावाने हाक मारली तर बघत नाही, बोलत नाही, गाडीचं एकच चाक फिरवत बसतो. त्या मला म्हणाल्या, "ताई, रजा संपल्यावर मी लगेच कामाला लागले, सासूबाई म्हणतात तू त्याला वेळ दिला नाहीस म्हणून तो असा झाला, असं असतं का हो?" आणि हे विचारताना त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, पर्सच्या चेनशी खेळत होत्या. नाही हो ताई, असं नसतं. सासूबाई काळजीपोटी बोलत असतील पण हे चूक आहे, आणि का चूक आहे ते सायन्सने किती मेहनत घेऊन दाखवलंय ते पुढे येतंच.

सुरुवातीला एक गोष्ट साफ करून टाकू. उंदराला ऑटिझम होत नाही. ऑटिझम हे माणसाचं निदान आहे, डॉक्टर मुलाचं बोलणं, नजर, खेळणं, संवाद, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं, आवाज-स्पर्श-प्रकाश यांचा त्रास होणं असं सगळं बघून ते देतात. उंदराच्या बाबतीत शास्त्रज्ञ फक्त एवढंच म्हणतात की ऑटिझमशी संबंधित वाटेल असं एखादं वागणं त्याच्यात दिसतंय. बातम्यांमध्ये 'ऑटिझम झालेला उंदीर बरा केला' असं छापून येतं तेव्हा मूळ पेपरमध्ये तसं काही नसतं, तिथे अमुक टेस्टमध्ये अमुक वागणं इतकं बदललं असं लिहिलेलं असतं.

या टेस्ट कशा असतात ते माहीत असलेलं बरं. सगळ्यात जास्त वापरतात ती तीन कप्प्यांची टेस्ट. काचेसारख्या पारदर्शक प्लॅस्टिकची एक पेटी, तीन खोल्या, मधे छोटी दारं. उंदराला आधी मधल्या खोलीत सोडायचं. एका बाजूच्या खोलीत जाळीच्या छोट्या भांड्याखाली एक अनोळखी उंदीर ठेवलेला असतो, दुसऱ्या बाजूला तसंच भांडं पण आत कोणी नाही, रिकामं. मग दारं उघडायची आणि दहा मिनिटं बघायचं की हा कुठे किती वेळ थांबतो. साधा उंदीर जास्त वेळ त्या दुसऱ्या उंदराजवळ जातो, जाळीला नाक लावून हुंगतो, गोल फिरतो, परत येतो, परत हुंगतो. बीटीबीआर उंदराला बाजूला कोणी आहे का नुसतं भांडं आहे याने फारसा फरक पडत नाही. पुन्हा पुन्हा एकच गोष्ट करणं मोजायचं तर तो स्वतःला किती सेकंद चाटतो ते मोजतात, किंवा भुशात काचेच्या गोट्या ठेवून तो त्यातल्या किती पुरतो ते बघतात. आणि पिल्लांचा आवाज. उंदराचं पिल्लू आईपासून लांब पडलं की ओरडतं, पण ते आपल्या कानाला ऐकूच येत नाही, आपण साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतो आणि ही हाक त्याच्या बरीच वर असते. आईला मात्र ती ऐकू येते, ती धावत येते, पिल्लाला तोंडात धरते आणि घरट्यात आणून ठेवते. ऑटिझमच्या अभ्यासासाठी वापरतात त्यातल्या काही उंदरांची पिल्लं ही हाक कमी देतात किंवा वेगळ्या तऱ्हेची देतात, ते खास मायक्रोफोन लावून रेकॉर्ड करतात.

आता असे उंदीर मिळतात कुठून? काही जातीच मुळात तशा आहेत, बीटीबीआरसारख्या. काहींमध्ये मुद्दाम एखादा जीन बंद केलेला असतो, जसं फ्रॅजाइल एक्स सिंड्रोमचा, रेट सिंड्रोमचा (हे दोन्ही एकेका जीनमधल्या बिघाडाने होणारे आजार), नाहीतर शँक३ नावाचा. आणि काहींमध्ये पोटात असतानाच काहीतरी घडवलेलं असतं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे व्हॅलप्रोएट, हे फिट्सचं, म्हणजे अपस्माराचं औषध आहे. गाभण मोठ्या उंदरिणीला (लॅबमध्ये हिला रॅट म्हणतात) बाराव्या दिवसाच्या आसपास याचा एकच मोठा डोस देतात, तेव्हा पिल्लाच्या मेंदूचा अगदी पाया पडत असतो. माणसांमध्येही या औषधाचा संबंध दिसलाय. डेन्मार्कमध्ये १९९६ ते २००६ मध्ये जन्मलेल्या साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास झाला, आईने गरोदरपणात व्हॅलप्रोएट घेतलं होतं त्या मुलांमध्ये ऑटिझम स्पेक्ट्रमचं प्रमाण ४.४ टक्क्यांच्या जवळ होतं, एकूण मुलांमध्ये दीड टक्का. हे वाचून कोणी फिट्सची गोळी स्वतःहून बंद करू नका, हात जोडून सांगते, गरोदरपणात जोराची फिट येणं आई आणि बाळ दोघांच्या जीवावर बेतू शकतं. मूल हवं असेल तर आधीच न्यूरॉलॉजिस्टशी बोला, दुसरी औषधं आहेत. आणि तो आकडा उलटा करून पण वाचा, औषध घेतलेल्या आयांच्या शंभरातल्या पंचाण्णव मुलांना ऑटिझम नव्हता. दुसरा प्रकार म्हणजे गाभण मादीला व्हायरससारखं दिसणारं एक केमिकल टोचून तिची प्रतिकारशक्ती जागी करायची, खरा आजार नाही पण शरीराला वाटतं की इन्फेक्शन झालंय. कॅल्टेकच्या पॉल पॅटरसन यांनी यावर बरंच काम केलं, आणि २०१६ मध्ये आणखी एका ग्रुपने दाखवलं की आयएल-१७ए नावाचं प्रतिकारशक्तीचं एक प्रोटीन त्यात मुख्य आहे.

हे सगळं झालं जन्माआधीचं. जन्मानंतरच्या वातावरणाचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो कारण आपल्या हातात असलाच तर तोच असतो.

लॅबमधला साधा पिंजरा म्हणजे बुटाच्या खोक्याएवढी प्लॅस्टिकची पेटी, खाली भुसा, वर खाणं-पाणी, बास. १९४७ मध्ये कॅनडाचे डोनाल्ड हेब यांनी सांगितलं होतं की त्यांनी काही उंदीर घरी नेऊन पाळले, घरात मोकळे फिरून वाढलेले ते उंदीर लॅबमधल्यांपेक्षा कोडी सोडवण्यात पुढे निघाले. नंतर बर्कलीमध्ये मार्क रोझेनझ्वाइग, मॅरियन डायमंड वगैरे मंडळींनी दाखवलं की मोठा पिंजरा, सोबती, चढायला-लपायला वस्तू असं मिळालं तर उंदराच्या मेंदूचा वरचा थर चक्क जाड होतो. या अशा पिंजऱ्याला एनरिच्ड म्हणतात, आपण भरलेलं वातावरण म्हणू.

मग कोणाच्या तरी मनात आलं की व्हॅलप्रोएटच्या उंदरांना असं वातावरण दिलं तर? पोलंडमधल्या क्राकोव्हच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ते केलं. पिल्लं आठवड्याभराची असल्यापासून त्यांना वेगवेगळे स्पर्श आणि वास द्यायला सुरुवात केली, दूध सुटल्यावर वस्तूंनी भरलेल्या मोठ्या पिंजऱ्यात टाकलं. पोटात असताना औषधाचा मार बसलेला होताच, तो काही पुसला जाणार नव्हता, तरीही मोठेपणी ही पिल्लं जास्त मिसळत होती, कमी घाबरत होती, उगाच त्याच त्याच हालचाली करणं कमी झालं होतं. २००५ मध्ये फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांवर असाच प्रयोग झाला होता, त्यातली एक बाब मला फार आशेची वाटते. या उंदरांमध्ये जे प्रोटीन बनायला पाहिजे ते बनतच नाही आणि भरलेल्या वातावरणातही ते बनलं नाही, जीन बंद तो बंदच, तरी मेंदूतल्या पेशींच्या फांद्या आणि उंदराचं वागणं दोन्ही सुधारलं. म्हणजे मूळ कारण जागेवर असतानासुद्धा मेंदू दुसऱ्या वाटेने काही ना काही जमवून घेऊ शकतो.

इथे एक खोच आहे, प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. तुलना कशाशी केली? बुटाच्या खोक्याशी. उंदीर हा मुळात बिळं खणणारा, रात्रभर धावणारा, दहा ठिकाणचे वास घेणारा प्राणी आहे, त्याला खोक्यात ठेवून आपण त्याला नॉर्मल म्हणतो आणि त्याला थोडं त्याच्या हक्काचं दिलं की त्याला ट्रीटमेंट म्हणतो. कदाचित भरलेलं वातावरण म्हणजे औषध नसेल, कदाचित रिकामं वातावरण म्हणजे इजा असेल. आपली मुलं खोक्यात वाढत नाहीत, पंचवटीतल्या दोन खोल्यांच्या घरात वाढणाऱ्या मुलालासुद्धा आवाज, वास, आजी, शेजारपाजार, गल्लीतली मांजर असं कितीतरी मिळत असतं, त्यामुळे उंदरात दिसला तेवढा फरक मुलात दिसेल असं धरून चालता येत नाही. शिवाय यातले बरेच प्रयोग फक्त नरांवर झालेत.

आणि आता तो प्रयोग ज्याने माझ्या बहिणीच्या घरात खरंच फरक पडला. स्वित्झर्लंडमधल्या लोझानला हेन्री मार्क्रम आणि कामिला मार्क्रम यांचा ग्रुप होता, हेन्री यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक आहे. त्यांचं म्हणणं असं की ऑटिस्टिक मेंदूला जग कमी नाही, जास्त जाणवतं, आवाज जास्त, प्रकाश जास्त, भीती जास्त, आणि म्हणून तो माघार घेतो. २०१५ मध्ये या ग्रुपने व्हॅलप्रोएटच्या उंदरांचे तीन गट केले. एक साध्या पिंजऱ्यात, दुसरा भरलेल्या पण सतत बदलणाऱ्या पिंजऱ्यात, आज ही वस्तू उद्या ती, आणि तिसरा भरलेल्या पण ठरलेल्या पिंजऱ्यात, म्हणजे वस्तू भरपूर पण सगळं कसं जिथल्या तिथे. ठरलेल्या पिंजऱ्यातल्या उंदरांमध्ये ती जास्तीची भीती, घाबरटपणा तयारच झाला नाही. बदलणाऱ्या पिंजऱ्यातल्यांना तेवढ्याच भारी वस्तू मिळूनही तो फायदा झाला नाही. आणि औषध न दिलेल्या साध्या उंदरांना पिंजरा ठरलेला आहे का बदलता याने जवळपास काही फरक पडला नाही. हे परत एकदा वाचा. साध्या उंदराला चालतं तेच या उंदराला चालत नाही. आपण काय करतो, मुलाला ऑटिझम आहे कळलं की घाबरून सोमवारी हा क्लास, मंगळवारी ती थेरपी, बुधवारी कोणीतरी सांगितलेलं नवीन काहीतरी, दर महिन्याला थेरपिस्ट बदल, घरात खेळण्यांचा ढीग. हेतू चांगलाच असतो पण त्या मुलाला पुढच्या तासाला काय होणार हेच कळत नसेल तर?

माझा भाचा ढोलाला प्रचंड घाबरायचा, आणि नाशकात राहून ढोलापासून पळणार कुठे, गणपतीत तर पथकं दारातून जातात. आधी बहीण त्याला दार-खिडक्या लावून आतल्या खोलीत घेऊन बसायची तरी तो थरथरायचा. मग तिने काय केलं, विसर्जनाच्या बरेच दिवस आधीपासून मोबाईलवर ढोलाची क्लिप अगदी बारीक आवाजात रोज त्याच वेळेला लावायची, आणि फ्रिजवर एक कागद चिकटवला, त्यावर चार चित्रं, नवीन शर्ट, मग गच्ची, मग ढोल, मग घरात येऊन मोदक. रोज बोट ठेवून वाचायचे दोघं. विसर्जनाला तो गच्चीवर कानाला हेडफोनसारखं ते इअरमफ लावून उभा राहिला, पथक खाली आलं तेव्हा इअरमफवर आणखी दोन्ही हात दाबले, पण आत पळाला नाही, आणि पथक पुढे गेल्याबरोबर आईला म्हणाला "मोदक". ऑटिझम गेला का? नाही, जायचा प्रश्नच नाही, ढोल अजूनही त्याला आवडत नाही. पण पुढे काय येणार हे त्याला माहीत होतं. उंदरावरच्या प्रयोगाने हे सिद्ध झालं असं मी म्हणत नाही, मुलांबरोबर काम करणारे स्पेशल एज्युकेटर चित्रांचं टाइमटेबल कितीतरी वर्षांपासून वापरतायत, पण ते का चालत असेल हे त्या प्रयोगामुळे मला उमगलं.

वयाचं काय? इथे नाशिककरांना समजायला सोपं आहे कारण आपल्याकडे द्राक्षं आहेत. दिंडोरी-निफाडकडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, घड ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतो पण तो ठरतो कधी? एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या दीड-दोन महिन्यांत, काडीतल्या डोळ्यात सूक्ष्मघड तयार होतो तेव्हा. त्या दिवसांत ढगाळ राहिलं, ऊन मिळालं नाही, तर नंतर कितीही खत-पाणी करा, घड कमीच निघतात. बाकीच्या दिवसांतल्या ढगांनी काही होत नाही असं नाही, पण एवढं होत नाही.

मेंदूतही असे दिवस असतात. बॉस्टनमध्ये २०१२ मध्ये झालेल्या प्रयोगात उंदरांची पिल्लं दूध सुटल्यावर लगेच, म्हणजे एकविसाव्या दिवसापासून दोन आठवडे एकेकटी ठेवली. नंतर त्यांना सोबत्यांमध्ये परत आणलं तरी त्यांचं मिसळणं सुधारलं नाही, आणि मेंदूच्या पुढच्या भागात पेशींच्या तारांवर जे चरबीचं आवरण चढतं, मायलिन, ते नीट चढलेलंच नव्हतं. तेवढंच एकटेपण त्या दोन आठवड्यांनंतर दिलं तर असं झालं नाही. पण म्हणून एक वय उलटलं की सगळं संपलं असं कोणी धरून बसू नये. २००७ मध्ये एडिनबरोच्या एड्रियन बर्ड यांच्या ग्रुपने रेट सिंड्रोमच्या उंदरांमध्ये बंद असलेला जीन मोठेपणी परत चालू केला आणि मरायला टेकलेले उंदीर सुधारले, तोपर्यंत कोणाला वाटलंच नव्हतं की हे उलटवता येईल. २०१६ मध्ये एमआयटीमध्ये शँक३चं तसंच केलं, मोठ्या उंदरात जीन चालू केल्यावर मिसळणं सुधारलं, अंग खाजवत राहणं कमी झालं, पण भीती आणि हालचालींमधला बेतालपणा तसाच राहिला, त्या गोष्टी सुधारायला लवकर सुरुवात लागली. म्हणजे वेगवेगळ्या गोष्टींची दारं वेगवेगळ्या वेळी बंद होतात आणि काही तर होतच नाहीत. सात वर्षांच्या मुलाच्या आईला 'उशीर केलात' म्हणून घरी पाठवणाऱ्यांचा मला म्हणूनच राग येतो.

सोबतीच्या प्रयोगावर परत एकदा येते, कारण त्यात एक गंमतीशीर वळण आहे. ह्यूस्टनमध्ये मौरो कोस्टा-मॅतिओली यांच्या लॅबने २०१६ मध्ये गाभण उंदरिणींना फार चरबीचं खाणं दिलं, त्यांच्या बऱ्याच पिल्लांचं मिसळणं कमी झालं. मग ही पिल्लं साध्या आईच्या पिल्लांसोबत एका पिंजऱ्यात ठेवली आणि ती सुधारली. आपण म्हणू वा, मैत्रीची जादू! पण उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यातून पोटातले जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि शोधत गेल्यावर कळलं की चरबीवाल्या पिल्लांच्या पोटात लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी नावाचा जंतू खूप कमी झाला होता, तो नुसता पाण्यातून दिला तरी मिसळणं सुधारलं. वातावरण या एका शब्दात किती गोष्टी दडलेल्या असू शकतात ते बघा. लगेच मेडिकलमध्ये जाऊन ऑटिझमसाठी प्रोबायोटिक मागू नका मात्र, एका लॅबच्या उंदरांपासून आपल्या मुलाच्या पोटापर्यंतचा रस्ता फार लांबचा आहे आणि त्या रस्त्यावर महागड्या पावडरी विकणारे पुष्कळ बसलेत.

आता आईचं. ऑटिझमचं वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांवरून केलं, आणि त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत असं पसरलं की या मुलांच्या आया थंड असतात, फ्रिजसारख्या, माया लावत नाहीत म्हणून मुलं अशी होतात. ब्रुनो बेटेलहाइम यांनी तर हे फार जोरात मांडलं. दोन-तीन दशकं हजारो बायकांनी हे ओझं वाहिलं. बर्नार्ड रिमलँड, जे स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिस्टिक मुलाचे वडील, त्यांनी १९६४ मध्ये हे खोडून काढायला सुरुवात केली. आज आपल्याला माहितीये की मोठ्या अभ्यासांमध्ये ऑटिझममधला साधारण ८० टक्के फरक जेनेटिक गोष्टींशी जोडला जातो, २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाख मुलांवर झालेल्या अभ्यासातही तेवढाच आकडा आला. ८० टक्के म्हणजे प्रत्येक मुलाचा ८० टक्के ऑटिझम जीन्समुळे असा अर्थ नाही, माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यातला एवढा भाग जीन्सकडे जातो असा आहे. उरलेल्यातही गरोदरपणातल्या गोष्टींचा मोठा वाटा असू शकतो, आई कामाला गेली, दोन तास कमी भेटली, हे त्यात कुठेच बसत नाही.

कोणी म्हणेल रोमानियाचं काय? प्रश्न बरोबर आहे. १९८९ नंतर तिथल्या अनाथाश्रमांतली भयानक परिस्थिती जगाला कळली, मुलं महिनोन्‌महिने पाळण्यात पडून, कोणी उचलत नाही, बोलत नाही, पोटाला पुरेसं नाही. इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या अशा मुलांचा मायकल रटर यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि त्यातल्या काही मुलांमध्ये खरंच ऑटिझमसारखी लक्षणं होती. पण ती नेहमीच्या ऑटिझमसारखी वागली नाहीत, चांगलं घर मिळाल्यावर वयाच्या चौथ्या ते सहाव्या वर्षात बऱ्याच जणांची लक्षणं कमी होत गेली. आणि तिथे मुलांना जे मिळालं नाही त्याची तुलना इंदिरानगरमध्ये आजी, पाळणाघर, संध्याकाळी दमून आलेली आई असलेल्या घराशी होऊच शकत नाही. मोबाईलबद्दल पण हाच प्रश्न येतो. दोन वर्षांच्या पोराच्या हातात दिवसभर मोबाईल नकोच, त्याने घरातलं बोलणं कमी होतं, पण 'व्हर्च्युअल ऑटिझम' असं निदान डॉक्टरांच्या मान्य यादीत नाही, आणि बऱ्याचदा उलटंही असतं, ज्या मुलाला माणसांपेक्षा स्क्रीन सोपी वाटते ते स्क्रीनकडे जास्त ओढलं जातं.

मग लहान मुलांमध्ये वातावरण बदलून काय होतं? ऑस्ट्रेलियात २०२१ मध्ये एक चांगला ट्रायल आला. साधारण वर्षाच्या आसपासची, सुरुवातीची लक्षणं दिसणारी १०३ बाळं घेतली. अर्ध्यांना नेहमीची मदत, अर्ध्यांच्या आईवडिलांना त्यांच्याच बाळासोबतचे व्हिडिओ दाखवून शिकवलं की बघा, इथे त्याने हात हलवला, तो तुम्हाला काहीतरी सांगतोय, इथे थांबा, त्याला उत्तर द्या. तीन वर्षांच्या वयाला शिकवलेल्या गटात ६.७ टक्के मुलांना ऑटिझमचं निदान झालं, दुसऱ्या गटात २०.५ टक्के. गट लहान होता त्यामुळे अजून ट्रायल हवेत, पण यात मुलाला बदलायला बसवलं नव्हतं, मोठ्यांना मुलाची भाषा ओळखायला शिकवलं होतं, आणि मला ते फार पटतं. आपल्या जवळचं उदाहरण पण आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ मुलांवर ट्रायल झाला, २०१६ मध्ये छापून आला. तिथे मोठे स्पेशालिस्ट नव्हते, साध्या प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी व्हिडिओ दाखवून पालकांना शिकवलं. पालकांचं मुलाच्या कलाने वागणं वाढलं, मुलं स्वतःहून संवाद जास्त सुरू करायला लागली. सगळंच सुधारलं असं नाही, दोघांनी मिळून एकाच गोष्टीवर लक्ष देण्याचा वेळ उलट कमी झाला होता, तेही त्यांनी पेपरमध्ये लिहिलंय.

इंदिरानगरच्या त्या बाईंना मी शेवटी काय सांगितलं तर नोकरी सोडू नका, आणि वाट पण बघत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत मुलं तपासायला येतं, त्यात वाढ आणि विकासातला उशीरही बघतात, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची, मुलांना लवकर मदत सुरू करणारी केंद्रं असतात, तिथे पैसे पडत नाहीत. अंगणवाडीताईंना पथक कधी येणार ते विचारून ठेवा, आणि जाताना मोबाईलवर घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा, मूल खेळताना, जेवताना, हाक मारल्यावर. नवीन जागेत मूल गप्प बसतं नाहीतर रडतं, डॉक्टरांना त्याचं रोजचं वागणं दिसत नाही, व्हिडिओ असला की दिसतं. आणि सासूबाईंनाही सोबत न्या, डॉक्टर काय सांगतात ते त्यांनी स्वतःच्या कानाने ऐकलेलं बरं.